मागील पानावरून पुढे

हिशेबाच्या वहीचं पान भरलं की खाली बेरीज मारायची आणि नव्या पानाच्या डोक्यावर लिहायचं, 'मागील पानावरून पुढे'. आपल्याकडे या शब्दांना उगाचच वाईट नाव मिळालंय. नवं काही न करता जुनंच रेटणाऱ्या माणसाबद्दल आपण म्हणतो, "याचं आपलं मागील पानावरून पुढे चालू." पण कधी वहीवर बसणाऱ्याला विचारून बघा. पान उलटताना आकडा चुकीचा उतरला, तर पुढची सगळी वही खोटी. खरं लक्ष लागतं ते नोंद लिहिताना नव्हे, पान उलटताना.

हे सुचायचं कारण म्हणजे सध्या आमच्या पनवेलात जो तो पान उलटतोय. मुंबईतून इथे हलवलेला कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोजा एमआयडीसीतले लहान कारखाने, न्हावाशेवाच्या कंटेनरांवर जगणारे ट्रान्सपोर्टवाले, जुन्या गावातली किराणा नि हार्डवेअरची दुकानं. वीस-पंचवीस वर्षं डॉसच्या काळ्या पडद्यावर चाललेला कारभार उचलून मंडळी 'क्लाउड'वर नेऊन ठेवताहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली आणि 'आता आपणही जरा मॉडर्न व्हायला हवं' ही हवा आणखीनच पसरली.

माझं पोट याच कामावर चालतं. जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा काढायचा आणि नव्यात बसवून द्यायचा. घरातल्या कुणालाच मी नक्की काय करतो हे समजलेलं नाही. मावशी मला 'कॉम्प्युटरचा पॅकर्स अँड मूव्हर्स' म्हणते. व्याख्या वाईट नाही :) फक्त एक फरक आहे. सामान हलवणाऱ्याला कपाट म्हणजे कपाट एवढं कळलं की पुरतं. माझ्या धंद्यात कपाट कुणाचं, ते का बंद होतं आणि त्यातला खालचा खण उघडायचा नाही असं आजींनी का सांगितलं होतं, हेही माहीत असावं लागतं. आणि ते मला माहीत नसतं. ते दुकानातल्या माणसाला माहीत असतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. डेटा हलवणं हे कॉम्प्युटरवाल्याचं काम नाही. ते कीर्द-खतावणी सांभाळणाऱ्याचं काम आहे, कॉम्प्युटरवाला फक्त हमाल. ज्या दुकानात हे उलटं होतं, तिथे पुढे रडारड ठरलेली.

आता जरा आत शिरू. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानांसाठी जे हिशेबाचे प्रोग्राम लिहिले गेले ते बहुतेक फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरमध्ये. स्थानिक मुलांनी लिहिलेले, आणि अक्षरशः दणकट. त्यांचा डेटा डीबीएफ नावाच्या फाइलींत असतो. त्या फाइलीत रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं करता येत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याने काटकसरीने जी लघुरूपं केली त्यांचा अर्थ फक्त त्यालाच ठाऊक. तो आता पुण्यात नाहीतर अमेरिकेत. खुद्द फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगून टाकलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. म्हणजे घर पडीक, बांधणारा गवंडी परगावी आणि नकाशा कुणाकडेच नाही.

या डीबीएफची एक गंमत आहे. तुम्ही एखादी नोंद खोडलीत तरी ती जात नाही. नोंदीपुढे फक्त एक चांदणी पडते आणि प्रोग्राम ती दाखवायचं थांबवतो. 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत खोडलेलं सगळं तिथेच पडून असतं. नव्या सॉफ्टवेअरचं आयात करणारं यंत्र या चांदणीकडे बघत नसेल, तर वीस वर्षांत रद्द केलेली बिलं, चुकून दोनदा टाकलेल्या पावत्या, सोडून गेलेले नोकर, सगळे भुतासारखे उठून उभे राहतात.

दुसरी भानगड मराठीची. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा मंडळींनी मराठी पडद्यावर आणली, हे त्यांचे उपकारच. पण त्या काळच्या बऱ्याच फॉन्टांत अक्षर साठवलं जायचं ते दिसतं त्या क्रमाने. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी, रफार शेवटी दिसतो म्हणून तो शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. उलथापालथ नीट केली नाही की 'आर्थिक'चं 'आथिर्क' होतं आणि 'कर्णिक'चे 'कणिर्क' होतात. जुने मराठी लेख नेटवर वाचणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. लेखात ते वाचून आपण हसतो आणि पुढे जातो. खातेवहीत हसून भागत नाही. काउंटरवरचा मुलगा 'कर्णिक' शोधतो, सापडत नाही, तो नवं खातं उघडतो. जुन्या कर्णिकांची उधारी जुन्या खात्यात, नव्या कर्णिकांची जमा नव्या खात्यात. माणूस एकच.

आणि गंमत अशी की एवढं होऊनही तेरीज जुळते! जमा आणि नावे दोन्ही बाजू पैशाला पैसा लागतात. कुणाचे पैसे कुणाच्या नावावर टाकलेत याच्याशी तेरजेला देणंघेणं नसतं. नव्या सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस हिरवी खूण दाखवतो, "सर, टोटल टॅली!" मालक चहा मागवतात आणि काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. मला या हिरव्या खुणेची भीती वाटते. बेरीज जुळणं आणि हिशेब बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जुने दिवाणजी पहिल्याच महिन्यात शिकवायचे.

एका दुकानाची गोष्ट सांगतो. जुन्या पनवेलातलं हार्डवेअरचं दुकान, नाव नको. त्यांनी डेटा हलवायचं काम एका मोठ्या कंपनीला दिलं होतं. "एका रात्रीत, फुकट" अशी योजना होती. झालंही एका रात्रीत. आठवड्याभराने मालकांनी मला बोलावलं.

झालं होतं असं की जुन्या मुनीमजींनी काही खात्यांच्या नावाआधी दोन टिंबं दिली होती. अशी तीस-चाळीस खाती असतील. हलवताना नव्या यंत्रणेने 'डेटाची साफसफाई' केली. साफसफाई म्हणजे नावांतली फालतू टिंबं, रेघा, मोकळ्या जागा काढून टाकणं. खाती स्वच्छ झाली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीदारांना व्हॉट्सॲपवर आपोआप निरोप जायची सोय होती, तीही पहिल्याच सोमवारी चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान गवंडीकाम करायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. फोन नंबर मात्र घरात तोच चालू होता. बाईंनी दोन हजार रुपये काढून ठेवले आणि म्हणाल्या, "बाकीचे गणपतीनंतर देते. एवढ्या वर्षांनी मागितलेत म्हणजे तुम्हालाही नड असेल."

त्या दोन टिंबांचा अर्थ होता, 'याच्याकडे मागायचे नाहीत'. मालकांच्या वडिलांनी तसं ठरवलं होतं आणि मुनीमजींनी आपल्या पद्धतीने नोंदवलं होतं. माफ केलं असं कुठे लिहिलं नाही, कारण तसं लिहिणं त्या घराला कमीपणाचं. खातं बंद केलं नाही, कारण कधी काही लागलं तर त्याच खात्यावर द्यायचं होतं. मुनीमजी आता मुलाकडे खोपोलीला असतात. त्यांना एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण कुणाला विचारायचं सुचलंच नाही, कारण टिंबं ही विचारण्यासारखी गोष्ट आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

मालकांनी पैसे परत केले, बाईंच्या घरी जाऊन आले. पण मला त्या दिवसापासून 'साफसफाई' हा शब्द ऐकला की धडकी भरते. दुकानाच्या सबंध डेटात सगळ्यात मोलाची कुठली माहिती असेल तर ती दोन टिंबं होती. आणि यंत्राच्या दृष्टीने तो कचरा होता.

मग यावर उपाय काय? उपाय आपल्याच महाराष्ट्रात झालाय, आणि तोही दुकानापेक्षा कितीतरी मोठ्या दप्तरावर. राज्यात सातबारा उतारे सुमारे अडीच कोटी. हाताने लिहिलेले हे उतारे संगणकावर चढवले तेव्हा चुका होणारच होत्या, आणि झाल्या. नावं गळली, क्षेत्र बदललं, गावच्या सगळ्या सातबाऱ्यांची बेरीज आकारबंदाशी जुळेना. तेव्हा २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारने एक जुनीच गोष्ट नव्याने केली. चावडी वाचन. संगणकातून छापलेला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने सांगायचं, बरोबर की चूक. त्यातून निघालेल्या चुका दुरुस्त करून मगच १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा लोकांच्या हाती द्यायला सुरुवात झाली. चुका सगळ्या संपल्या असं मुळीच नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अजून लोक हेलपाटे घालतात. पण कल्पना बघा किती साधी आहे! डेटा बरोबर आहे का, हे डेटा ज्याचा आहे त्याला विचारा. पडद्यावर दाखवून नव्हे, वाचून. कानाला चूक लवकर कळते.

मी आता कुठल्याही दुकानाचं काम घेताना हीच अट घालतो. सहाशे खाती असली तर सहाशे खात्यांची यादी छापायची. मालक, जुना मुनीम किंवा जो कोणी वहीवर बसतो तो, आणि काउंटरवरचा माणूस, तिघांनी समोर बसायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, नाव, शिल्लक, शेवटचा व्यवहार. खात्याला एक मिनिट धरलं तरी दहा तास. म्हणजे तीन-चार संध्याकाळी. यावर मालकांचा हमखास प्रश्न, "सगळं आम्हीच करायचं तर तुम्हाला पैसे कशाचे?" मी सांगतो, त्या दहा तासांत आणखी कुणाला दुकान उघडू न देण्याचे :)

आणि खरं सांगतो, या संध्याकाळी फार छान जातात. "हा कोण रे?" "अहो, हा तो पांढऱ्या गाडीवाला सुतार." "आणि हे किरकोळ दोन?" "ते दादांचं, सरकारी कागदावर दिसायला नको म्हणून..." इथे मी कान बंद करतो. पण धंद्याचा इतिहास मुलाला पहिल्यांदाच कळत असतो, बापाच्या तोंडून. नवं सॉफ्टवेअर घेतल्याचा खरा फायदा कधीकधी एवढाच होतो, आणि तो काही कमी नाही.

दुसरी माझी अट, जुनं फेकायचं नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, कंपनी असेल तर आठ वर्षं. पण ही झाली कायद्याची कमीत कमी मर्यादा. आठवा १ जुलै २०१७. व्हॅटचं पान संपलं, जीएसटीचं उघडलं. ३० जून अखेर जो कर आधीच भरलेला होता, त्याची शिल्लक 'ट्रान-१' नावाच्या फॉर्ममधून पुढे ओढायची होती. देशभरातल्या व्यापाऱ्यांसाठी हे अगदी शब्दशः 'मागील पानावरून पुढे' होतं. पोर्टल अडखळलं, वाढवलेली मुदत २७ डिसेंबर २०१७ ला संपली आणि अनेकांची शिल्लक मागच्याच पानावर अडकली. पुढे अडचणीचा पुरावा दाखवू शकणाऱ्यांना काही सवलती मिळाल्या, बाकीचे कोर्टात गेले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२२ ला फिल्को ट्रेड सेंटरच्या प्रकरणात पोर्टल पुन्हा उघडायला सांगितलं आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ एवढी खिडकी उघडली. पाच वर्षांनी! त्या दोन महिन्यांत कुणाचं भलं झालं? ज्याने २०१७ च्या आधीची बिलं, विवरणपत्रं आणि ती जुनी खडखडणारी मशीन जपून ठेवली होती त्याचं. ज्याने 'आता क्लाउडवर आहे ना' म्हणून सगळं भंगारात दिलं, त्याच्या क्लाउडवर फक्त आरंभीची शिल्लक होती. शिल्लक म्हणजे आकडा. आकडा कुठून आला, हे शिल्लक सांगत नाही.

पनवेलच्या माणसाला हे सांगावं लागू नये खरं तर. सिडको १९७० साली आली, गावंच्या गावं संपादनात गेली. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी लोक अजून आजोबांच्या नावचे जुने फेरफार शोधत फिरतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गावोगाव मोडी वाचणारे हुडकावे लागले. ज्या दप्तराकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यावर एकाएकी हजारो घरांचं लक्ष लागलं. जुन्या नोंदीचा उपयोग कधी निघेल हे ती ठेवणाऱ्यालाही माहीत नसतं.

इथे कुणी म्हणेल, मग हलवूच नका ना! राहू दे तो काळा पडदा. नाही मंडळी, तेही मला पटत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, आणि त्या मशीनवर सबंध धंदा ठेवणं म्हणजे वाळवी लागलेल्या पेटीत दागिने ठेवणं. हार्ड डिस्क एक दिवस कुरकुरते आणि संपते. गाढी नदीच्या काठी राहणाऱ्यांना तळमजल्यावर पाणी शिरणं म्हणजे काय, हेही सांगायला नको. हलवायला हवंच. आपले पूर्वज काय कमी वेळा हलले? मोडीतून बाळबोधीत आले. १ एप्रिल १९५७ ला आण्यांचे नवे पैसे झाले, एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि तो पाव पैसा कुणाच्या पदरात टाकायचा यावर दुकानादुकानांत डोकी खाजवली गेली असतील. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. दरवेळी कुणीतरी दिव्याखाली बसून जुनं वाचलं, नवं लिहिलं आणि ताळा घेतला. यंत्राने वेग वाढवला. ताळा घेणारा माणूस मात्र काढून टाकायचं कारण नव्हतं.

आणि डेटा अगदी शंभर टक्के बरोबर पोचला तरी निश्चिंत होऊ नये. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारात आपलं सगळं काम नव्या यंत्रणेवर नेलं. ग्राहक ५२ लाख. डेटा सुखरूप पोचला होता, नव्या घराचं दारच उघडेना. लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, घडी बसायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी पुढे २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. एवढ्या मोठ्या बँकेची ही कथा, तर आपल्या दुकानदाराने निदान एक तिमाही तरी दोन्हीकडे नोंदी कराव्यात, जुन्यात आणि नव्यात. दुप्पट काम आहे, कबूल. लग्नघरात नवी सून आली म्हणून सासू दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून निवृत्त होते का?

शेवटचं एक. नव्या घरात शिरण्याआधी बाहेर पडायचं दार बघून ठेवा. नवे प्लॅटफॉर्म बहुतेक भाड्याचे आहेत, वर्षाचे पैसे भरले तर आत. विक्रेत्याला फीचर कितीही विचारा, पण एक प्रश्न लेखी विचारा. "उद्या आम्हाला सोडायचं झालं तर आमचा सगळा डेटा, सगळ्या वर्षांचा, प्रत्येक व्यवहारासकट, कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल?" उत्तर द्यायला तो घुटमळला तर तुम्हीही घुटमळा. डॉसवाल्या त्या पोराने नकाशा दिला नव्हता हे खरं, पण फाइल तरी तुमच्याच टेबलाखाली होती.

असो. फार लांबलं. आमच्या नातेवाइकांत दुकानं, वर्कशॉपं, डेअऱ्या चालवणारे बरेच आहेत आणि त्यातले तिघेजण तरी या दिवाळीच्या वहीपूजनाला लॅपटॉप मांडणार आहेत असं कानावर आलंय. जरूर मांडा. फक्त त्याआधी तुमच्याकडे वहीवर बसून गेलेला जो कोणी म्हातारा हयात असेल, त्याला एका संध्याकाळी जेवायला बोलवा. यादी समोर ठेवा आणि मोठ्याने वाचायला लागा. तो मध्येच "थांब, हे काय वाचलंस?" म्हणाला, की तुमचे पैसे वसूल.